रियाज आणि मेंदूविज्ञान : काय घ्यावे, काय सोडावे?

मंद्रसप्तक

रियाज किती तास करावा याविषयी आपल्याकडे उदंड बोलले जाते. त्या तासांत नेमके काय करावे याचे उत्तर मात्र बहुतेक वर्गांत ‘गळ्यावर चढेपर्यंत घोट’ एवढ्यावरच संपते. मेंदू एखादे कौशल्य कसे आत्मसात करतो यावर गेल्या काही दशकांत झालेल्या संशोधनातील काही भाग थेट वादकांवर झालेला आहे, आणि तो आपल्या रियाजाला कितपत लागू पडतो याची चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढत आहे. माझे मत आधीच मांडतो, म्हणजे वाद घालणे सोपे जाईल. हे संशोधन रियाजातील ‘तयारी’च्या अंगाला, म्हणजे पलटे (स्वरांचे किंवा बोलांचे बदलते क्रम), ताना, कायदे (तबल्यातील ठरावीक बोलांच्या रचना), बोटांची आणि गळ्याची चपळाई यांना चांगले लागू पडते, रागविस्ताराविषयी ते जवळजवळ मौन बाळगते, आणि तयारीच्या बाबतीतही ते तास वाढवायला सांगत नाही, तर चूक सापडल्यानंतरच्या पुढच्या अर्ध्या मिनिटात आपण काय करतो याकडे लक्ष द्यायला सांगते.

दहा हजार तासांची गोष्ट आधी बाजूला काढू. आंडर्स एरिकसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा १९९३ चा मूळ अभ्यास बर्लिनच्या संगीत अकादमीतील व्हायोलिनवादक विद्यार्थ्यांवर होता. विसाव्या वर्षापर्यंत सर्वोत्तम गटाने एकट्याने केलेल्या सरावाची सरासरी दहा हजार तासांच्या आसपास निघाली. ती सरासरी होती, पार करायचा उंबरठा नव्हता. पण २००८ नंतर लोकप्रिय लेखनातून तिचा नियम झाला. मॅकनमारा, हॅम्ब्रिक आणि ऑस्वाल्ड यांनी २०१४ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा संगीतातील कामगिरीतल्या फरकापैकी सुमारे २१ टक्के फरकाचाच संबंध सरावाच्या प्रमाणाशी लागला. २०१९ मध्ये व्हायोलिनवादकांवरचाच अभ्यास पुन्हा करण्यात आला, तेव्हा ‘सर्वोत्तम’ आणि ‘चांगले’ यांच्या तासांत फारसा फरक दिसला नाही, मागे पडलेल्यांचे तास मात्र दोघांपेक्षा बरेच कमी होते. सरावाशिवाय चालत नाही, हे यातून सिद्धच होते. परंतु एका मर्यादेपलीकडे फरक कशाने पडतो, हा प्रश्न शिल्लक राहतो.

याचे मला सर्वांत पटलेले उत्तर टेक्सास विद्यापीठातील रॉबर्ट ड्यूक आणि सहकाऱ्यांच्या २००९ च्या अभ्यासात आहे. त्यांनी पियानोच्या १७ विद्यार्थ्यांना एक अवघड, छोटा उतारा बसवायला दिला आणि दुसऱ्या दिवशी, मधे सराव करू न देता, तो वाजवून घेतला. दुसऱ्या दिवशी कोण सरस ठरले याचा संबंध आदल्या दिवशी किती वेळ वाजवले याच्याशी नव्हता, किती वेळा वाजवले याच्याशीही नव्हता. संबंध होता तो किती वेळा चुकीचे वाजवले याच्याशी. सरस ठरलेले वादकही सुरुवातीला चुकत होतेच; पण चूक होताच ते नेमक्या त्या जागी थांबत, लय उतरवत, तेवढाच तुकडा साफ करत आणि मगच पुढे जात. बाकीचे अडखळून पुढे सरकत आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करत.

यामागचे कारण सांगता येते. अपेक्षित हालचाल आणि प्रत्यक्ष झालेली हालचाल यांतील तफावत टिपण्यात लहान मेंदूचा मोठा वाटा असतो, आणि ही तफावत लगेच, नेमक्या जागी दुरुस्त झाली तर पुढचा प्रयत्न बदलतो. ती तशीच सोडली, तर चुकीची हालचालसुद्धा पुनरावृत्तीने तितकीच पक्की होते, कारण चेतापेशींमधील जोडण्या जे वारंवार घडते त्याने बळकट होतात, मग ते सुरात असो वा बेसूर. तान संपूर्ण म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरू करण्याची आपली सवय याच कारणाने महागात पडते : अडलेली जागा दर फेरीत एकदाच येते आणि बहुधा चुकीचीच येते.

तिरकिट

तबला शिकवतो, म्हणून हातापुरते बोलतो. ‘लय उतरवून साफ करा’ हा सल्ला अर्धाच बरोबर आहे. ‘धिरधिर किटतक’ विलंबितात वाजवणारा विद्यार्थी प्रत्येक धिरला मनगट उचलतो, आणि ते अगदी स्वच्छ वाजते. चौगुनीत (चौपट लयीत) मात्र तीच हालचाल शक्य नसते, तिथे पंजा तळव्याच्या दोन कडांवर डोलावा लागतो. म्हणजे तो वर्षभर जी हालचाल पक्की करतो ती द्रुत लयीत उपयोगी पडणारी हालचालच नव्हे. आमच्याकडे म्हणून पहिल्या दिवसापासून हाताची ठेवण द्रुताची आणि लय विलंबित, असे शिकवले जाते. जिथे ते जमत नाही तिथे मी फक्त एक मात्रेचा तुकडा पूर्ण लयीत वाजवायला लावतो, मग हात थांबवायचा, मग पुन्हा तोच तुकडा. तुकडे जोडत नेले की रेला (द्रुत लयीत अखंड वाहणारी बोलांची रचना) तयार होतो.

दुसरे, आपण पढंतीचा उल्लेख केला नाही याचे आश्चर्य वाटले. हातावर ताल देत बोल तोंडाने म्हणणे हा तबल्याच्या तालमीचा पाया आहे. बोल जिभेवर अडखळत असेल तर तो हातावर येणार नाही, हे प्रत्येक घराण्यात मानले जाते. चिल्ल्याविषयीही आपले मत वाचायला आवडेल. चाळीस दिवस स्वतःला कोंडून घेऊन केलेला रियाज या संशोधनाच्या दृष्टीने व्यर्थ ठरतो का?

मंद्रसप्तक

तिरकिट, हाताच्या ठेवणीचा आपला मुद्दा मोलाचा आहे आणि तो माझ्या मांडणीत भर घालतो. आपण सांगितलेल्या ‘वाजवा, थांबा, वाजवा’ या पद्धतीशी जुळणारा एक प्रयोग आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत लिओनार्दो कोहेन यांच्या गटाने २०१९ मध्ये २७ निरोगी व्यक्तींना डाव्या हाताने पाच कळांचा एक क्रम दहा सेकंद टंकायला आणि दहा सेकंद थांबायला सांगितले, आणि हे आवर्तन पस्तीसेक वेळा केले. सुरुवातीच्या फेऱ्यांत वेगात झालेली वाढ प्रामुख्याने थांबण्याच्या काळात झालेली दिसली. २०२१ मध्ये त्याच गटाने असेही नोंदवले की त्या विश्रांतीत मेंदू तोच क्रम प्रत्यक्षाच्या सुमारे वीसपट वेगाने मनोमन उगाळतो.

पढंतीविषयी थेट प्रयोग माझ्या वाचनात नाही, पण तिच्या जवळचा एक आहे. आल्व्हारो पास्कुआल-लिओने यांनी १९९५ मध्ये पियानो न येणाऱ्यांना पाच बोटांचा एक सराव दिला. एका गटाने पाच दिवस रोज दोन तास प्रत्यक्ष वाजवले, दुसऱ्याने तितकाच वेळ पियानोपुढे बसून, बोटे न हलवता, केवळ मनात वाजवले. बोटांवर ताबा ठेवणाऱ्या मेंदूच्या भागात दोन्ही गटांत सारखाच बदल आढळला. मनात वाजवणाऱ्यांची पाचव्या दिवसाची कामगिरी प्रत्यक्ष वाजवणाऱ्यांच्या तिसऱ्या दिवसाएवढी होती, आणि दोन तासांच्या एकाच प्रत्यक्ष बैठकीनंतर ते जवळपास त्यांच्या बरोबरीला आले. पढंत तर निव्वळ कल्पनेपेक्षा पुष्कळ अधिक आहे, कारण तिच्यात जीभ, कान आणि ताल देणारा हात तिघेही कामाला लागलेले असतात.

चिल्ल्याबद्दल मी एवढेच म्हणेन, की त्यामागे वैराग्याचा, निष्ठेचा जो भाग आहे त्याचे मोजमाप प्रयोगशाळेत होत नाही. तासांचा जो भाग आहे त्याबाबत मात्र बर्लिनच्या त्याच अभ्यासातील एक दुर्लक्षित नोंद आठवावी : सर्वोत्तम वादक एका बैठकीत सहसा दीड तासाच्या पुढे जात नसत, आणि दुपारी झोपत असत.

शंकासुर

धागा चांगला आहे, पण ‘विश्रांतीत शिकणे होते’ यावर इतक्या लवकर विश्वास ठेवू नये. सलग टंकल्याने एक प्रकारचा थकवा साचतो आणि वेग दबतो; थांबल्यावर तो थकवा उतरतो आणि दबलेला वेग वर येतो. याला शिकणे म्हणायचे की दम खाणे? गुप्ता आणि रिकर्ड यांनी २०२२ मध्ये दाखवले, की विश्रांतीनंतरची वाढ केवळ हा दबाव उतरल्यानेही पूर्णपणे समजावता येते. झोपेत कौशल्य सुधारते या दाव्याबाबतही हाच वाद २००८ पासून सुरू आहे. शिवाय पाच कळांचा क्रम म्हणजे संगीत नव्हे. त्यात सूर नाही, समेची ओढ नाही, दाद नाही. एका छोट्याशा टंकलेखनाच्या खेळावरून आपण यमन कसा गावा हे ठरवू लागलो, तर रंगसूत्रे वाचून चित्र काढल्यासारखे होईल.

मज्जारज्जू

मी चेतासंस्थेच्या विकारांवर उपचार करणारी डॉक्टर आहे आणि हौशी सतारवादक आहे. शंकासुर यांचा आक्षेप योग्य आहे, परंतु त्यामुळे व्यवहारातील निष्कर्ष फारसा बदलत नाही असे वाटते. विश्रांतीत नवे काही शिकले जाते की केवळ थकवा उतरतो, हा प्रश्न संशोधकांसाठी महत्त्वाचा आहे. वादकाच्या दृष्टीने थकलेल्या हाताने केलेली पुनरावृत्ती टळली आणि पुढचा प्रयत्न अधिक स्वच्छ झाला, एवढे दोन्ही बाजूंना मान्य आहे.

झोपेसंबंधी एक गोष्ट मात्र सांगावीशी वाटते. मॅथ्यू वॉकर यांच्या २००२ च्या अभ्यासात रात्रीच्या झोपेनंतर बोटांच्या क्रमाचा वेग सुमारे २० टक्क्यांनी वाढलेला आढळला होता, आणि त्या वाढीचा संबंध झोपेच्या दुसऱ्या टप्प्याशी, विशेषतः रात्रीच्या अखेरच्या भागातील त्या टप्प्याशी, जोडला गेला. त्या वाढीचा किती भाग खरा यावर वाद असला, तरी रात्री उशिरा झोपून पहाटे चारला खर्ज (खालच्या सप्तकातील स्वर) लावायला उठणारे विद्यार्थी नेमका तोच भाग कापतात, याकडे शिक्षकांनी दुर्लक्ष करू नये. पहाटेच्या खर्जाला माझा विरोध नाही. त्यासाठी रात्री लवकर झोपावे, जसे जुन्या काळी बहुतेक लोक झोपत.

आणि एक इशारा. मेंदूत घडणारा प्रत्येक बदल हिताचा नसतो. एल्बर्ट यांच्या गटाने १९९५ मध्ये दाखवले की तंतुवाद्य वाजवणाऱ्यांत डाव्या हाताच्या बोटांना मेंदूच्या पृष्ठभागावर अधिक जागा मिळालेली असते, आणि वादन लहानपणी सुरू केलेल्यांत हे अधिक दिसते. ही गोष्ट कौतुकाने सांगितली जाते. तिची दुसरी बाजू सांगितली जात नाही. अतिसरावाने बोटांचे हे नकाशे एकमेकांत मिसळू शकतात, आणि मग एक बोट हलवताना दुसरे आपोआप मुडपते. या विकाराला स्थानिक डिस्टोनिया म्हणतात. व्यावसायिक वादकांत त्याचे प्रमाण सुमारे एक टक्का मानले जाते, आणि संगीतकार रॉबर्ट शूमानचा उजवा हात निकामी होण्यामागे हेच कारण असावे असे अनेक तज्ज्ञांचे मत आहे. हा विकार बहुधा वेदनारहित असतो, त्यामुळे वादकाला तो सरावाची कमतरता वाटतो आणि तो आणखी जोमाने घासू लागतो. एखादे बोट केवळ वाद्यावरच ऐकेनासे झाले, इतर कामांत मात्र व्यवस्थित चालत असेल, तर रियाज वाढवू नये, तपासून घ्यावे.

बंदिश

गायन शिकवते, त्यामुळे चर्चा हातांवरून गळ्याकडे वळवते. मनातल्या रियाजाचा मुद्दा आम्हा गायकांना वादकांपेक्षा अधिक लागू आहे, कारण गळा चार तास ताणता येत नाही. कुमार गंधर्व १९४८ मध्ये क्षयामुळे देवासला राहायला गेले आणि पुढची काही वर्षे त्यांना गाणे वर्ज्य होते. त्या काळात ते ऐकत होते, माळव्यातील लोकगीते कानांवर पडत होती, चिंतन चालू होते, आणि नंतर जे गाणे आले ते आधीच्यापेक्षा वेगळे होते. याला प्रयोगाचा पुरावा म्हणता येणार नाही, हे शंकासुर यांनी सांगण्याआधी मीच सांगते. तरीही न गाता गाणे घडू शकते याची आठवण ठेवायला हरकत नसावी.

माझी खरी अडचण हार्मोनिअमची आहे. वर्गात मुले हार्मोनिअमवर मी वाजवत असलेल्या सुरांच्या आधाराने अलंकार (स्वरांचे ठरावीक क्रम) निर्दोष म्हणतात. घरी केवळ तानपुऱ्यावर बसली की गंधार चढतो. आता तर मोबाईलवर सूर तपासणारी ॲप आली आहेत, ज्यांत काटा मध्यावर आणणे हाच रियाज होऊन बसला आहे. यावर संशोधन काही सांगते का?

आणि मूळ लेखातील एका विधानाशी मी असहमत आहे. रागाविषयी विज्ञान मौन बाळगते असे आपण म्हणता. आमच्याकडे एक राग वर्षभर शिकवावा, असा प्रघात होता; परीक्षांचा अभ्यासक्रम शिकवताना मात्र एका वर्षात बरेच राग हाताळावे लागतात आणि भूप गाता गाता मुले देसकारात शिरतात. एकेक राग घोटणे बरे की मिसळून शिकवणे बरे, हा रागाचाच प्रश्न आहे, तयारीचा नव्हे.

मंद्रसप्तक

हार्मोनिअमच्या प्रश्नाला नेमके उत्तर आहे. सॅल्मोनी, श्मिट आणि वॉल्टर यांनी १९८४ मध्ये मांडलेला विचार असा, की प्रत्येक प्रयत्नाला बाहेरून ताबडतोब मार्गदर्शन मिळाले तर सरावातली कामगिरी सुधारते, पण शिकणारा त्या मार्गदर्शनावरच टेकतो आणि ते काढून घेतले की कामगिरी घसरते. हार्मोनिअम गंधार आधीच दाखवून देते, त्यामुळे ‘मी लावलेला गंधार आणि असायला हवा तो गंधार’ ही तुलना मुलाच्या मेंदूला करावीच लागत नाही. तानपुरा आधार देतो, उत्तर देत नाही. वर्गात मुलाने आधी तानपुऱ्यावर स्वर लावावा, तो काही क्षण धरावा, स्वतः ‘चढा की उतरा’ हे सांगावे आणि त्यानंतरच आपण पट्टी दाबून पडताळणी करावी, असा क्रम मी सुचवेन. ॲपसाठीही तेच : पडदा उलटा ठेवून गावे आणि नंतर पाहावे.

राग मिसळण्याविषयी आपला आक्षेप मला विचारात पाडणारा आहे. कॉर्नेल आणि ब्योर्क यांनी २००८ मध्ये लोकांना निरनिराळ्या चित्रकारांची चित्रे दाखवली. एकाच चित्रकाराची सलग चित्रे पाहिलेल्यांपेक्षा मिसळून पाहिलेल्यांना नवे चित्र कोणाचे हे अधिक चांगले ओळखता आले, आणि गंमत अशी की त्यांतील बहुतेकांना स्वतःला सलग पाहणेच अधिक उपयोगी वाटले होते. भूप आणि देसकार यांचे पाचही स्वर तेच. मारवा, पूरिया आणि सोहनी यांचे सहाही तेच. फरक आहे तो वादी म्हणजे रागातील मुख्य स्वराचा, सप्तकाच्या कोणत्या भागात राग वावरतो याचा आणि चलनाचा, म्हणजे स्वरांच्या वाटचालीचा. तो फरक शेजारीशेजारी ठेवल्यावरच उठून दिसतो. तेव्हा रागाच्या ओळखीपुरते विज्ञान बोलते असे म्हणू. विस्ताराचे काय, म्हणजे तोच पंचम तिसऱ्यांदा घेताना तो नवा का वाटावा, याबाबतीत माझे म्हणणे कायम आहे.

तिरकिट

मिसळण्याबाबत एक अट घालावी लागेल. हात बसण्याआधी तीन कायदे आलटून पालटून दिले, तर विद्यार्थ्याचे तिन्ही कायदे कच्चे राहतात आणि तो तबला सोडून देतो. आधी एक कायदा त्याच्या पलट्यांसह स्थिर व्हावा, मग मिसळावे.

शंकासुर

तिरकिट यांच्या अटीला पुरावाही थोडा अनुकूल आहे. कार्टर आणि ग्राह्न यांनी २०१६ मध्ये क्लॅरिनेट वाजवणाऱ्या दहा प्रगत वादकांकडून काही रचना सलग आणि काही मिसळून बसवून घेतल्या, तेव्हा परीक्षकांनी मिसळून बसवलेल्यांना काहीसे वरचे गुण दिले; पण ते वादक मुळात मुरलेले होते. दहा माणसांवरून कोणी नियम बनवू नये.

सातासमुद्रापार

मी न्यू जर्सीत राहते. माझी मुलगी नऊ वर्षांची असून पियानो शिकते आणि आठवड्यातून एकदा ऑनलाइन शास्त्रीय गायनही शिकते. शाळा, पोहणे आणि गृहपाठ यांतून रोज अर्धा तास मिळतो. इथल्या शिक्षिका रचना पूर्ण वाजवून घ्यायला सांगतात, गायनाच्या गुरुजींना रोज अलंकार हवे असतात. या अर्ध्या तासाचे काय करावे, हे कोणी स्पष्ट सांगेल का? प्रयोगांची नावे वाचून मी थोडी गोंधळले आहे.

बंदिश

ताई, नऊ वर्षांच्या मुलीला अर्धा तास सलग बसवू नका. शाळेआधी दहा मिनिटे गायन आणि संध्याकाळी वीस मिनिटे पियानो, असे दोन भाग करा. सकाळच्या दहा मिनिटांत तानपुऱ्यावर सा, मग दोनच अलंकार, आणि तेही हार्मोनिअमशिवाय. पियानोत ती जिथे हमखास अडखळते अशी एक-दोन ठिकाणे शिक्षिकांना वहीत पेन्सिलीने खूण करून द्यायला सांगा. वीस मिनिटांतील पहिला निम्मा वेळ फक्त त्या खुणांसाठी ठेवावा, दोन्ही ठिकाणे आलटून पालटून, आणि संपूर्ण रचना शेवटी एकदाच, न थांबता वाजवावी. तशी ती वाजवायला मिळाली नाही तर मुलांचा उत्साह जातो, आणि उत्साह गेल्यावर बाकीचे सगळे संशोधन निरुपयोगी आहे.

मज्जारज्जू

यात एवढेच जोडते, की तिचे लक्ष बोटांवर नव्हे तर निघणाऱ्या नादावर ठेवावे. ‘चौथे बोट उचल’ यापेक्षा ‘हे दोन स्वर सारख्या वजनाचे ऐकू येऊ देत’ ही सूचना बहुधा अधिक काम करते. ड्यूक यांच्याच गटाने २०११ मध्ये कळफलकावरील वादनाबाबत असे नोंदवले आहे.

शंकासुर

प्रगती मोजायची असेल, तर बैठकीच्या शेवटी कसे वाजले ते मोजू नका. दहावा प्रयत्न नेहमीच चांगला वाजतो, कारण नववा नुकताच होऊन गेलेला असतो, आणि आपण सगळे त्यावर समाधान मानून उठतो. ताईंनी मुलीचा दुसऱ्या दिवशीचा पहिला प्रयत्न मोबाईलवर ध्वनिमुद्रित करावा, त्या जागेचा आधी सराव न करता. गाणाऱ्यांनीही खर्ज आणि साधे अलंकार म्हणून गळा तापवावा, पण काल घोटलेली तान एकदाही न म्हणता थेट मुद्रित करावी. मिसळून केलेला सराव आणि सलग केलेला सराव यांतील फरक याच मुद्रणात दिसतो, बैठकीत तो बहुधा उलटा दिसतो. बंदिश यांना जमल्यास त्यांच्या वर्गातील काही मुलांना भूप-देसकार जोडीने आणि काहींना एकेक करून शिकवून, आठवडाभराच्या सुट्टीनंतर अनोळखी आलाप ओळखायला लावावेत. निकाल इथे लिहिलात तर मी माझा संशय तेवढ्यापुरता मागे घ्यायला तयार आहे.

बंदिश

दिवाळीनंतर नवी तुकडी सुरू होते, तेव्हा करून पाहीन. फक्त मारवा-पूरिया या मुलांना इतक्यात झेपणार नाहीत, म्हणून भूप-देसकार आणि त्यांच्या जोडीला दुर्गा व शुद्ध सारंग एवढेच घेते.